खुडूक बदक कळपातच बसवलं: एका उन्हाळ्याची नोंद

अमळनेर तालुक्यात बोरी नदीपासून थोडं आत आमचा मळा आहे. कापूस, मका, विहिरीपाशी हौद आणि हौदाच्या सांडपाण्यावर वाढलेली आठ बदकं: सहा माद्या, दोन नर. एका नरामागे पाच-सहा माद्या असाव्यात असा साधा हिशोब आहे. म्हणजे एक नर आमच्याकडे उगाचच जास्तीचा होता. तोच दांडगा, आणि त्याचं नाव घरात पडलेलं ‘सरपंच’. पुढची अर्धी भानगड त्यानेच केली.

या नोंदीतली मादी ‘ठिपकी’. गावठी, तपकिरी अंगावर काळे ठिपके. बाकीच्या पाचांत दोन पांढऱ्या पेकिन आणि तीन खाकी कॅम्पबेलच्या रक्ताच्या. खाकी कॅम्पबेल आणि रनर या अंड्यांसाठी निवडून वाढवलेल्या जाती. अंडी भरपूर देतात, पण अंड्यांवर बसायचं त्या जवळजवळ विसरल्या आहेत. त्यामुळे तीन वर्षांत आमच्याकडे कुणी खुडूक झालं, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडून बसलं, असं झालं नव्हतं, आणि मलाही त्यातलं फारसं काही माहीत नव्हतं.

मार्चच्या सुरुवातीपासून ठिपकी खुराड्याच्या एकाच कोपऱ्यात अंडं घालू लागली. बदक पहाटे अंडं घालतं आणि आठच्या आत मोकळं होतं. आमची माय रोज सकाळी अंडी उचलायची, पण त्या कोपऱ्यातली अंडी ठिपकी कडब्याखाली झाकून ठेवायची, म्हणून ती राहून गेली. १९ मार्चच्या संध्याकाळी सगळी बदकं आत आली तरी ती जागची हलली नाही. हात पुढे केला तर पंख फुलवून सापासारखी फुसकारली. छातीची पिसं उपटून तिने अंड्यांभोवती गोल रचली होती, आणि पिसं निघालेली ती उघडी, ऊन कातडी अंड्यांना टेकली होती. माय दारातूनच म्हणाली, “भाऊ, ठिपकी बठी गयी.” मोजली तर चौदा अंडी.

बसू द्यावं की नाही, हा पहिला प्रश्न. आमच्याकडे मार्च संपता संपता पारा चाळिशीकडे सरकतो आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या आसपास टेकतो. बदकाचं अंडं २८ दिवसांत फुटतं, म्हणजे पिल्लं १६ एप्रिलच्या सुमारास. अंड्याला साधारण साडेसदतीस अंश ऊब लागते. भर दुपारी पत्र्याखालची हवाच त्याच्या वर गेली, तर बदकाने अंडी उबवायची की थंड ठेवायची? दुसरी गोष्ट मागच्या पंधरवड्याची. ही अंडी रोज एक अशी साठत गेली होती. गारव्यात साठलेल्या अंड्यातला जीव मादी बसेपर्यंत झोपून राहतो, आणि म्हणूनच सगळी पिल्लं जवळजवळ एकाच दिवशी निघतात. पण दुपारचं ऊन तापलं की न बसताच अंड्यात अर्धवट वाढ सुरू होते आणि रात्री थांबते. अशी अंडी पुढे दगा देतात.

उबवणी यंत्राचा विचार मी केलाच नाही. मळ्यातल्या लाइनीच्या भरवशावर २८ दिवस ऊब ठेवणं म्हणजे जुगार. खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवण्याची रीत गावात आहे, आणि ती चालतेही. पण कोंबडीचं घड्याळ २१ दिवसांचं. काही कोंबड्या पुढचा आठवडा नेटाने काढतात, काही उठून जातात. शिवाय कोंबडी अंगाला पाणी लावून घेत नाही. बदक रोज एकदा उठतं, पाण्यात छाती बुडवून येतं आणि ओल्या पिसांनीच अंड्यांवर बसतं. खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात ही ओल लाखमोलाची. कवच कोरडं पडलं तर आतला पापुद्रा चिवट होतो आणि पिल्लू त्यातच अडकतं. म्हणून ठिपकीच बसेल असं ठरलं.

मग दुसरा प्रश्न, कुठे? शेजारच्या मळ्यातले जिभाऊ म्हणाले, उचलून वेगळ्या खोलीत ठेव. बरेच जण हेच सांगतील. पण खुडूक बदक जागा बदलली की बहुधा अंडी सोडतं. आणि दीड-दोन महिने नजरेआड राहिलेलं बदक परत कळपात सोडलं की बाकीची त्याला परकं समजून टोचतात. हे मी आजारी मादी वेगळी ठेवली होती तेव्हा पाहिलं होतं. पंधरा दिवसांनी परत आणली तर बाकीच्यांनी तिचं डोकं रक्तबंबाळ केलं. म्हणून ठिपकी तिथेच, सगळ्यांत राहू दिली. निर्णय बरोबर होता, पण मी तो अर्धाच केला.

पहिला आठवडा

मी फक्त उन्हाचा बंदोबस्त केला. पत्र्यावर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, जाड थर, वर कडबा. पश्चिमेच्या जाळीला गोणपाट, ते दिवसातून तीनदा भिजवायचं. घरट्यापासून चार हातांवर पाण्याचं घमेलं. संध्याकाळी सहाच्या सुमारास ठिपकी उठायची, आधी जाताना अंडी पिसांनी झाकायची, बाहेर येऊन एकच पण इतकी मोठी आणि घाणेरडी विष्ठा टाकायची की माय नाकाला पदर लावायची. मग घाईघाईने खाणं, घमेल्यात छाती बुडवणं आणि वीस-पंचवीस मिनिटांत परत. दुपारी ती घरट्यावर किंचित उभी राहून चोच उघडी ठेवून धापा टाकायची. त्या वेळी अंडी सोडते की काय अशी भीती वाटायची. खरं तर ती अंड्यांना हवा देत होती.

२६ मार्चला, सातव्या दिवशी, रात्री अंधार करून अंडी पाहिली. मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी, नळीच्या तोंडावर अंडं. बदकाचं कवच जाड असलं तरी पांढरट असल्याने चांगलं दिसतं. पण मोजताना अंडी सतरा निघाली.

तीन अंडी कुठून आली हे कळायला वेळ लागला नाही. आयतं घरटं दिसलं की दुसऱ्या माद्या तिथेच अंडं घालतात. त्या पहाटे ठिपकीला ढकलून कडेला बसत होत्या आणि ती बापडी सरकून जागा देत होती. मी १९ तारखेला अंड्यांवर खूण केली नव्हती. शिसपेन्सिलीने एकेक फुली, दोन मिनिटांचं काम, तेही केलं नाही.

उजेडात अकरा अंड्यांत लालसर शिरांचं जाळं स्पष्ट होतं, मधोमध एक गडद ठिपका आणि टक लावून पाहिलं तर तो हलत होता. एका अंड्यात शिरा नाहीत, नुसतं रक्ताचं कडं. म्हणजे जीव सुरू होऊन मेला, मला वाटतं त्या साठवणीच्या दुपारींचाच परिणाम. तीन साफ कोरी. आणि दोनांत अगदी बारीक, कोवळी जाळी, दोन-तीन दिवसांची. ती नंतर आलेली.

ही दोन अंडी काढताना हात अडला. जिवंत होती. पण ती फुटायला चार-पाच दिवस उशीर लागला असता. पहिली पिल्लं निघाली की आई दीड-दोन दिवसांत त्यांना घेऊन उठते, मागे राहिलेली अंडी गार पडून मरतात. किंवा त्याहून वाईट, आई मागच्यांसाठी बसून राहते आणि निघालेली पिल्लं उपाशी फिरतात. सहा अंडी काढली, अकरांवर पेन्सिलीने फुली मारली, आणि त्याच रात्री कोपऱ्याभोवती अर्ध्या इंची जाळीचं कुंपण घातलं, अडीच फूट उंच, एका बाजूला उघडता येणारं. आत ठिपकी, तिचं खाणं, तिचं घमेलं. बाहेर बाकीची सात. मधे फक्त जाळी, म्हणजे ती सगळ्यांना दिसते, सगळी तिला दिसतात, तिचा आवाज त्यांच्या कानावर राहतो. दुसऱ्या दिवसापासून आगंतुक अंडी बंद. ही जाळी मी पहिल्याच संध्याकाळी लावायला हवी होती.

मधले दिवस

यात सांगण्यासारखं फार नाही. बसलेलं बदक पाहणं हे कापूस वाढताना पाहण्यासारखंच आहे. पाडव्याला मुलांनी जाळीला साखरेची गाठी बांधली, ती सरपंचाने रात्रीत ओरबाडली. रामनवमीला, ६ एप्रिलला, घरट्यातून वास आला. अकरांतलं एक अंडं सडलं होतं, कवचावर घामासारखे थेंब. असं अंडं घरट्यात फुटलं तर त्याची घाण बाकीच्या कवचांची छिद्रं बुजवते आणि रोग आत जातो. ते तान्ह्या पोरासारखं दोन्ही हातांवर धरून बांधापलीकडे नेलं आणि पुरलं. दहा उरली.

दुपारी बेचाळीसच्या पुढे गेलेल्या दिवसांत मी घरट्याखालच्या मातीच्या कडेने रोज तांब्याभर पाणी सोडत होतो. घरट्यात नाही, कडेने. माती ओली राहिली की खालून गारवा येतो. ठिपकी त्या दिवसांत सकाळीही एकदा उठून पाण्यात बसून यायची.

१३ एप्रिलला शेवटचं पाहिलं. अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी मोठी झालेली, बाकी सगळं काळं भरलेलं. त्यानंतर हात लावायचा नाही असं ठरवलं. १४ एप्रिलला गावात जयंतीची मिरवणूक होती, ढोलाचा आवाज मळ्यापर्यंत येत होता. तो थांबल्यावर रात्री अकराला खुराड्यात गेलो तर ठिपकी पहिल्यांदाच बोलत होती. नेहमीचा कर्कश आवाज नव्हे, घशातल्या घशात, दर दोन-तीन क्षणांनी एक हलका, ओला उच्चार. मी अंधारात उकिडवा बसलो. थोड्या वेळाने तिच्या पोटाखालून बारीक ‘चिक’ आलं. पिल्लाने आतला पापुद्रा फोडून हवेच्या पोकळीत चोच घातली की त्याला आवाज फुटतो. आई उत्तर देते, अंडी एकमेकांना ऐकतात, आणि त्याने सगळी साधारण बरोबर बाहेर पडतात. मायला हे सांगितलं तर म्हणाली, “माय शे ती. तिले समदं समजस.” तिच्या दृष्टीने यात नवीन काहीच नव्हतं.

१५ तारखेच्या दुपारी पहिल्या कवचाला तारा पडला. १६च्या सकाळी सहा पिल्लं कोरडी होऊन पिवळ्या-काळ्या लोकरीत, संध्याकाळपर्यंत आठ. एक अंडं शेवटपर्यंत फुटलंच नाही. आणि एकाला चोचीएवढं भोक पडून चौदा तास होऊन गेले होते.

इथे मी चूक केली. बाहेरून भोक पडल्यापासून पूर्ण निघायला एक दिवस, कधी दीड दिवसही लागतो, कारण तेवढ्या वेळात पिल्लू कवचाच्या शिरांतलं रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेतं. हे वाचून माहीत होतं. तरी नखाने कवचाचा तुकडा उचलला. आतल्या पापुद्र्यातून लाल थेंब आला. लगेच थांबलो, ओला कपडा लावून अंडं आईखाली सरकवलं. ते दुसऱ्या दिवशी निघालं, पण बेंबीशी बलक लोंबत होता. अठरा तारखेला गेलं. हात लावला नसता तर जगलं असतं का, सांगता येत नाही. पण हात लावायला नको होता.

पिल्लांना पहिल्या दिवशी काही लागत नाही, पोटातला बलक दोन दिवस पुरतो. माय बाजरीचा भरडा घेऊन उभी होती, तिला थांबवणं अंडी सांभाळण्यापेक्षा अवघड गेलं. १७च्या संध्याकाळी ठिपकी आठ जणांना घेऊन घरट्यातून उठली. पाणी मी पसरट थाळीत गोटे टाकून ठेवलं होतं: नाकपुड्या बुडतील एवढं खोल, पिल्लू बुडणार नाही एवढं उथळ. बदकाच्या पिल्लाला नाक-डोळे धुता आले नाहीत तर ते खाद्याने चिकटतात. पहिल्या दिवसापासून पोहू दिलं तरी चालतं का, असं लोक विचारतात. आईबरोबरचं पिल्लू ओलं झालं की तिच्या पंखाखाली जाऊन कोरडं होतं. यंत्रातून काढलेल्या पिल्लाला ती सोय नसते.

आता ती गोष्ट, ज्यासाठी ही नोंद लिहायला घेतली. जाळीने अंडी वाचवली म्हणून मी ती पिल्लं निघाल्यावरही तशीच ठेवली. मोठी बदकं बाहेर, आई-पिल्लं आत, सगळं सुरक्षित असं वाटत होतं. २० एप्रिलच्या सकाळी खुराड्यात गलका झाला. ओल्या मातीत जाळीची खालची कड एका जागी उचलली गेली होती, तिथून एक पिल्लू पलीकडे गेलं. सरपंचाने त्याला मानेला धरून झटकलं. मी पोचलो तेव्हा ठिपकी जाळीवर धडका मारत होती, चोचीतून रक्त येत होतं. पिल्लू मेलं होतं. ठिपकी मोकळी असती तर सरपंचाच्या अंगावर गेली असती. बसलेल्या मादीपुढे नर माघार घेतात हे मी आधीच्या महिन्यात दोनदा पाहिलं होतं. जाळीने तिला पिल्लापासून तोडलं होतं.

त्याच दिवशी उलटं केलं. दोन्ही नर काढून जुन्या गोठ्यात नेले आणि जाळी पूर्ण उचलली. माद्यांमध्ये ठिपकी पिल्लं घेऊन निघाली. एक पांढरी पेकिन कुतूहलाने मान लांबवून आली, ठिपकीने तिच्या पंखाला कडाडून चावा घेतला, दोन पिसं हातात आल्यासारखी उडाली. बस. त्यानंतर महिनाभर ठिपकीभोवती हातभर मोकळी जागा राहायची आणि कुणी ती ओलांडायचं नाही. डोकं फोडणं, हाकलणं, यातलं काहीच झालं नाही, कारण कळपाच्या लेखी ती कुठे गेलीच नव्हती. नर चौथ्या आठवड्यात परत आणले, तोपर्यंत पिल्लं पळण्याइतकी मोठी झाली होती आणि सरपंचाला आधी ठिपकीला तोंड द्यावं लागलं.

खाण्याचं थोडं तपशिलात सांगतो, कारण आमच्या भागात इथेच लोक फसतात. घरात मका, सरकीची पेंड आणि शेंगदाण्याची पेंड, म्हणून तेच पिल्लांना. सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, ते पक्ष्यांना बाधतं. बुरशी आलेल्या शेंगदाणा पेंडीतलं आणि मक्यातलं अफलाटॉक्सिन हे विष बदकाच्या पिल्लाइतकं क्वचितच कुणाला बाधतं. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की मेल्या तेव्हा अशाच शेंगदाणा पेंडीतून हे विष ओळखलं गेलं, आणि पुढे ते तपासायला बदकाची पिल्लंच वापरली गेली. ओला वास येणारा एक दाणाही मी ठेवत नाही. मी बिनऔषधी पोल्ट्री स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य, आणला. तरी एक उणीव राहते: बदकाच्या पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं, किलो खाद्यामागे ५५ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि मक्यातलं नायसिन त्याच्या अंगी नीट लागत नाही. अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवशी, पिल्लं दोन आठवड्यांची असताना, एक पिल्लू गुडघे बाहेर काढून लंगडू लागलं. खाद्यात यीस्टची भुकटी मिसळायला सुरुवात केली आणि सोबत वाळवी खायला देऊ लागलो. वाळवीची युक्ती मायची: मडक्यात ओलं गोणपाट आणि शेण भरून वारुळाजवळ संध्याकाळी पालथं घालायचं, सकाळी मडकं वाळवीने भरतं. पिल्लं त्या मडक्यावर तुटून पडायची. लंगडणारं आठवड्यात सरळ झालं.

नंदुरबारकडच्या एका नातेवाइकाला दोन पिल्लं हवी होती. मी नाही म्हटलं. २००६ मध्ये देशातला बर्ड फ्लू पहिल्यांदा त्याच जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला, २०२१ मध्ये पुन्हा आला, आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. बदक तो विषाणू बाळगूनही धडधाकट दिसू शकतं. म्हणून माझ्याकडचा पक्षी दुसऱ्याच्या कोंबड्यांत जात नाही आणि बाजारातला माझ्याकडे येत नाही. नातेवाइकाला राग आला, तो अजून गेलेला नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सात पिल्लं पूर्ण पिसांची झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बदकांच्या प्लेगची लस टोचली. आवाज फुटल्यावर कळलं: चार जणी खणखणीत ओरडतात, तिघांचा आवाज घोगरा, म्हणजे तीन नर. सरपंच आणि दुसरा धरून पाच नर झाले. इतके ठेवणं म्हणजे माद्यांच्या माना उघड्या पडणं, त्यामुळे तिघांचं काय करायचं ते दिवाळीआधी ठरवावं लागेल. मायचं मत कढईकडे झुकतं.

ठिपकीने पिल्लं सोडली आणि पुन्हा अंड्यावर आली. जुलैत एका संध्याकाळी तोच कोपरा, तीच फुसकार, छातीला पिसं नाहीत. पण तिचं वजन उन्हाळ्याने उतरलेलं होतं, पाठीचं हाड हाताला लागत होतं. मी अंडी उचलली, कोपऱ्यात फळी लावली आणि तिला दोन रात्री उंच, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवलं, म्हणजे खालून पोटाला गार हवा लागते आणि खुडूकपणा उतरतो. माय दारात उभी राहून पाहत होती.

“बठू दे तिले.”

“दिवाळीनंतर,” मी म्हटलं.